'डार्क टॉवर' वाचायला घेताय? पहिल्या पुस्तकावर निकाल देऊ नका

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात भयकथा वाचणारा माणूस बहुतेक वेळा नारायण धारपांच्या वाटेनं आलेला असतो. वाचनालयातली पुठ्ठ्यात बांधलेली, पानं पिवळी पडलेली 'लुचाई' एकदा तरी हातातून गेलेली असते. पुढं कधीतरी कळतं की ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. मग मूळ लेखक वाचावासा वाटतो, आणि त्याच्या पुस्तकांच्या यादीत 'द डार्क टॉवर' नावाची आडदांड मालिका दिसते. भय आणि अद्भुत दोन्ही त्यात आहे. इथंच गाडी अडते. एक तर पुस्तकांचा ढीग बघून धीर सुटतो, नाहीतर उत्साहानं पहिलं पुस्तक घेतलं जातं आणि साठाव्या पानावर बंद होतं.

साठाव्या पानावर बंद करणाऱ्यांत वाचकाचा दोष थोडा आणि पुस्तकाचा जास्त. पहिलं पुस्तक बाकीच्या सहांसारखं नाही. ते कसं पार करायचं हे कळलं की पुढची वाट बरीच सोपी आहे, म्हणून या लेखात त्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

मालिका नेमकी काय आहे

रोलंड हा त्याच्या जगातला उरलेला शेवटचा बंदूकबाज. ते जग झिजत, मोडकळीला येत चाललं आहे. सगळ्या जगांना तोलून धरणारा एक काळा मनोरा कुठंतरी उभा आहे आणि रोलंडला तिथं पोचायचं आहे. कुणाच्या जिवावर पोचायचं, याचा विचार तो सुरुवातीला फारसा करत नाही, आणि मालिकेचा खरा पेच तोच आहे. वाळवंट आणि घोडे काउबॉय सिनेमातले, मान आणि शपथा जुन्या सरदारांच्या, मधेच न्यूयॉर्कचे रस्ते, आणि या सगळ्यावर किंगची ती खास भीती.

किंगनं हे लिखाण १९७० मध्ये, ऐन विशीत सुरू केलं. पुस्तकांचा क्रम असा: 'द गनस्लिंगर' (१९८२), 'द ड्रॉइंग ऑफ द थ्री' (१९८७), 'द वेस्ट लँड्स' (१९९१), 'विझर्ड अँड ग्लास' (१९९७), 'वुल्व्ह्ज ऑफ द कॅला' (२००३), 'साँग ऑफ सुझाना' (२००४) आणि 'द डार्क टॉवर' (२००४). त्यानंतर २०१२ मध्ये 'द विंड थ्रू द कीहोल' आलं. ते कथेच्या ओघात चौथ्या आणि पाचव्याच्या मधे बसतं. पहिल्या वाचनात मात्र ते तिथं बसवू नका. कारण पुढं येईलच.

याच क्रमानं वाचा. इंटरनेटवर फिरणाऱ्या 'आधी ही वीस पुस्तकं वाचा' छापाच्या याद्यांकडं काणाडोळा करा. त्या दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांनी केलेल्या असतात आणि नव्या माणसाला दारातच दमवतात. २०१७ चा सिनेमाही आधी बघू नका. सात पुस्तकांतले तुकडे उचलून दीड तासात कोंबलेत, त्यामुळं ना गोष्ट कळते ना गोडी लागते.

वेळेचा हिशोब आधी मांडा

सातही पुस्तकं मिळून आवृत्तीनुसार चार ते साडेचार हजार पानं होतात. आपल्यापैकी बरेच जण मराठी माध्यमातून आलेले. इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचतात, पण कादंबरी वाचताना वेग कमी पडतो. म्हणून अंदाजानं काही ठरवू नका. ई-पुस्तकाच्या दुकानातून पहिल्या पुस्तकाचा मोफत नमुना उतरवून घ्या, घड्याळ लावून दहा पानं वाचा आणि लागलेली मिनिटं लिहून ठेवा.

दहा पानांना तीस मिनिटं लागली, तर ४,२०० पानांना २१० तास. रोज पाऊण तास वाचलं तर २८० दिवस, म्हणजे नऊ महिने. वीस मिनिटांत दहा पानं होत असतील तर १४० तास, साधारण सहा महिने. हा आकडा घाबरवण्यासाठी नाही. उलट महिनाभरात आपण दुसऱ्या पुस्तकातच आहोत म्हणून मन खट्टू व्हायला नको, यासाठी आहे. आणि या हिशोबात गणपतीचे दिवस धरू नका. बेळगावात विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते, तिथं वाचन कुठलं! शिवजयंतीचे चित्ररथ निघतात तेव्हाही तेच.

प्रत कुठली घ्यायची

'द गनस्लिंगर'ची दोन रूपं आहेत. मूळ १९८२ चं, आणि किंगनं पुढच्या पुस्तकांशी मेळ बसावा म्हणून २००३ मध्ये दुरुस्त करून वाढवलेलं. दुकानात नवी मिळणारी प्रत बहुधा दुसरीच असते. जुन्या पुस्तकांत बघत असाल, बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या फूटपाथवर, तर आतलं पान उघडून सुधारित आवृत्ती असल्याची नोंद आहे का ते बघा. किंगची एकोणीस वर्षांचं असण्यावरची लांबलचक प्रस्तावना असेल तरी ओळखायला पुरे. नव्या वाचकानं सुधारित प्रतच घ्यावी. मूळ आवृत्तीच अस्सल म्हणणारे भेटतील. त्यांचं त्यांच्यापाशी.

सातही पुस्तकं एकदम मागवू नका. आधी पहिली दोन घ्या. दोनच का, ते खाली येईल. खिशात मावणाऱ्या छोट्या आवृत्तीचा टाइप बारीक असतो आणि चौथ्या पुस्तकापासून ती विटेएवढी जाड होते. पाठीचा डिंक दमट हवेत लवकर सुटतो. जांबोटी, कणकुंबीकडं राहणाऱ्यांना पावसाळ्यात पुस्तकांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. जाड पुस्तक पूर्ण पालथं करून ठेवू नका आणि भिंतीला लागून असलेल्या फळीवर तर नकोच. चौथं, पाचवं आणि सातवं ई-पुस्तक म्हणून घेतलं तर हाताला आराम, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर, आणि रात्री करंट गेला तरी वाचन चालू.

'द गनस्लिंगर': पाच दीर्घकथा म्हणून वाचा

हे पुस्तक मुळात कादंबरी म्हणून छापलं गेलं नव्हतं. त्याचे पाच भाग १९७८ ते १९८१ या काळात एका अमेरिकी मासिकात सुटे आले आणि नंतर एकत्र बांधले गेले. तेव्हा तेही तसंच वाचावं. दिवाळी अंकातली एक दीर्घकथा जशी एका बैठकीत संपवतो, तसा एक भाग एका बैठकीत. मधे दोन दिवस गेले तरी चालेल, पण भाग अर्धा सोडू नका.

खरी अडचण पहिल्याच भागात आहे. जिथं लोक पुस्तक मिटतात ती जागा हीच. रोलंड वाळवंटात काळ्या कपड्यांतल्या माणसाचा माग काढतो आहे, हा झाला आत्ताचा काळ. वाटेत त्याला ब्राउन नावाच्या माणसाची झोपडी लागते. त्याच्याकडं झोल्टन नावाचा बोलणारा डोमकावळा आहे. रात्री रोलंड त्याला टल नावाच्या गावात काय घडलं ते सांगू लागतो. म्हणजे आपण एक पायरी खाली उतरलो. त्या टलमध्ये गुत्ता चालवणारी अॅली रोलंडला आधीची एक घटना सांगते: काळ्या कपड्यांतला माणूस गावात आला तेव्हा मेलेल्या माणसाचं काय झालं. ही आणखी एक पायरी खाली. मग गोष्ट टलमध्ये परत, तिथून झोपडीत, तिथून वाळवंटात. किंग दर वेळी 'आता आपण मागं चाललो' असं सांगत बसत नाही.

उपाय साधा आहे. पेन्सिल घ्या आणि समासात 'वाळवंट', 'झोपडी', 'टल', 'अॅली' असे शब्द लिहीत जा. काळ बदलला की नवा शब्द. पहिल्या भागाला एवढी मेहनत पुरते. पुढं रोलंडच्या लहानपणच्या आठवणी येतात, पण त्या ओळखू येतात, कारण तिथं गिलियडचा राजवाडा, त्याचा गुरू कॉर्ट आणि शिकाऊ पोरं दिसतात.

दुसऱ्या भागात जेक हा मुलगा भेटतो. त्याच्यावर लक्ष ठेवा. रोलंड त्याच्याशी कसा वागतो, हे पुस्तक संपल्यावरही डोक्यातून जात नाही, आणि पुढची दोन पुस्तकं त्यावरच उभी आहेत. शेवटच्या भागात मात्र मोठमोठ्या तत्त्वचर्चा आणि पत्त्यांवरचं भविष्य येतं. त्यातलं निम्मं कळलं नाही तरी पुढं जा. भेटणाऱ्या माणसांची ओझरती खूण तिथं पेरलेली आहे. ती नंतर आपोआप उलगडते.

शब्दकोशाचं म्हणाल तर पानाला दोन शब्दांपेक्षा जास्त शोधू नका. शिवाय 'का', 'का-टेट', 'केफ' असले शब्द किंगच्या जगातले आहेत. ते कुठल्याच शब्दकोशात शोधून उपयोग नाही, वाचता वाचता कळतात.

खरी परीक्षा दुसऱ्या पुस्तकात

'द ड्रॉइंग ऑफ द थ्री' पहिलं संपल्यावर काही तासांतच सुरू होतं आणि पहिल्या काही पानांत रोलंडवर असा घाला येतो की आपण ताठ बसतो. समुद्रकिनाऱ्यावर उभी दारं, आणि प्रत्येक दारापलीकडं न्यूयॉर्क, पण वेगवेगळ्या वर्षांतलं. पहिल्या दाराआड एडी डीन भेटतो. व्यसनात रुतलेला, तोंडाळ, विनोदी. मालिकेला माणसाचा आवाज मिळतो तो इथं.

म्हणून निकाल इथं द्यायचा. एडीचा भाग संपेपर्यंत वाचा. तोवर रात्री पुस्तक खाली ठेवणं जड जात नसेल, तर ही मालिका तुमच्यासाठी नाही. खुशाल सोडा, लाज वाटायचं कारण नाही. जड जात असेल तर तिसरं आणि चौथं एकदम मागवा.

याच पुस्तकात ओडेटा होम्स येते, १९६४ मधली कृष्णवर्णीय स्त्री, आणि तिच्या आत राहणारी डेटा. डेटाचं बोलणं किंगनं मुद्दाम मोडूनतोडून, शिव्यांसकट लिहिलं आहे. डोळ्यांनी वाचलं तर शब्द ओळखू येत नाहीत. ते मोठ्यानं वाचा. घरात कुणी नसताना वाचलेलं बरं. नाहीतर आतून आजीचा आवाज येतो, "कुणावर एवढं ओरडूलास रे?"

जाता जाता एक सावधगिरी. या मालिकेत हिंसा, लैंगिक प्रसंग, अमली पदार्थ आणि वांशिक शिव्या भरपूर आहेत. मुलांचे मृत्यूही आहेत. धारप वाचतो म्हणून आठवीतल्या पोराच्या हातात हे देऊ नका. कॉलेजात गेल्यावर वाचू दे.

तिसरं आणि चौथं जोडीनं

'द वेस्ट लँड्स' हे अनेकांचं सगळ्यात आवडतं. माणसांची टोळी पूर्ण होते, ऑय नावाचा छोटा प्राणी सामील होतो, आणि ब्लेन नावाची वेडी आगगाडी येते जिला कोडी घातलेली आवडतात. पुस्तक नेमकं त्या कोड्यांच्या डावात, ऐन रंगात तुटतं. १९९१ मध्ये ज्यांनी ते वाचलं त्यांना पुढचं पान बघायला १९९७ पर्यंत थांबावं लागलं. तुमच्यावर ती वेळ नाही, म्हणून चौथं पुस्तक उशाशी असल्याशिवाय तिसऱ्याची शेवटची शंभर पानं सुरू करू नका.

'विझर्ड अँड ग्लास'मध्ये आगगाडीचा निकाल लागतो आणि मग मुख्य कथा थांबते. रोलंड शेकोटीजवळ बसून आपल्या चौदाव्या वर्षाची गोष्ट सांगतो: हॅम्ब्री गाव, सुसान, दोन मित्र, आणि एक म्हातारी चेटकीण. शेकडो पानं तीच गोष्ट. 'मनोऱ्याचं काय झालं' म्हणत इथं चिडणारे पुष्कळ. माझं मत विचाराल तर सातांतलं हेच सगळ्यात चांगलं लिहिलेलं आहे. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. पहिली दीडशे पानं गावातली माणसं ओळखण्यात जातात. जुलैच्या झडीत, बाहेर पडायची सोय नसताना हे घ्या.

तोवर एक वही करा. मोठी नको, चार रकाने पुरेत: माणूस, कुठल्या जगातला, कुठल्या वर्षातला, शेवटचा कुठं दिसला. न्यूयॉर्कची वर्षं सारखी बदलतात आणि सहाव्या पुस्तकात ही वही नसेल तर डोकं धरून बसायची पाळी येते. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत किंगनं सुरुवातीला आधीच्या कथेचा सारांश दिलेला आहे. मधे खंड पडला असेल तर तो वाचून पुढं चला, मागचं पुस्तक परत उघडायची गरज नाही.

पाचव्याच्या आधी एक वळण

मालिकेबाहेरचं एकच पुस्तक मी आग्रहानं आधी वाचायला सांगेन: 'सेलम्स लॉट' (१९७५). त्यातला फादर कॅलहन हा धर्मगुरू पाचव्या पुस्तकात सदेह येतो आणि आपली पुढची हकिकत सांगतो. ती सांगताना आधीच्या कादंबरीतला बराच भेद फुटतो. 'लुचाई' वाचली आहे म्हणून चालेल का? भयाचा साचा ओळखीचा वाटेल, पण धारपांनी माणसं आणि मुलूख आपला केला आहे. कॅलहन समजायला मूळ पुस्तकच लागतं. ते स्वतंत्र आहे, आटोपशीर आहे आणि चौथ्यानंतरचा विसावा म्हणून छान बसतं.

'द स्टँड'चा चौथ्या पुस्तकाशी धागा आहे, पण ते स्वतःच हजार पानांच्या पुढं जातं. त्याच्यासाठी अडून राहू नका.

शेवटची तीन

जून १९९९ मध्ये रस्त्याकडेनं चालताना किंगला व्हॅननं उडवलं. तो जेमतेम वाचला. मालिका अर्धवट राहते की काय असं वाटण्याजोगा तो प्रसंग होता. मग त्यानं उरलेली तीन पुस्तकं सलग लिहून काढली आणि ती २००३-०४ मध्ये पाठोपाठ आली. वाचताना फरक जाणवतो: पहिली चार रमतगमत लिहिलेली, नंतरची तीन घाईत. म्हणून तुम्हीही ती सलग वाचा. सहावं तर वेगळं पुस्तक वाटतच नाही, पाचव्या आणि सातव्यामधला सांधा वाटतो.

पाचव्यात कॅलाची खेडूत मंडळी स्वतःच्या धाटणीचं इंग्रजी बोलतात. बाजारात एका वाक्यात मराठी, कन्नड आणि हिंदी ऐकत वाढलेल्या माणसाला ते लवकर पचतं. अर्थ लावत बसू नका, चाल पकडा. ऐकीव पुस्तक हा इथं चांगला आधार आहे. दुसरं, तिसरं, चौथं फ्रँक मलरच्या आवाजात आहे. २००१ च्या अपघातानं त्याचं काम थांबलं आणि पाचव्यापासून जॉर्ज गिडॉलनं वाचलं. नुसतं ऐकून सुरुवातीला निसटतं, म्हणून पुस्तक समोर ठेवून एक प्रकरण ऐका, मग एकटं वाचा. चोर्ल्यातून गोव्याला जाताना ऐकणार असाल तर घरूनच उतरवून घ्या, घाटात रेंज भरवशाची नाही.

सातव्याच्या आधी सवड असेल तर दोन कथा वाचा. 'हार्ट्स इन अटलांटिस'मधली पहिली दीर्घकथा, 'लो मेन इन यलो कोट्स', आणि 'एव्हरीथिंग्ज इव्हेंच्युअल' या संग्रहातली त्याच नावाची कथा. दोन्हींतली माणसं सातव्यात भेटतात. 'इन्सोम्निया'तलाही एक जण भेटतो, पण ती कादंबरी लांबडी आहे आणि त्या भेटीसाठी तेवढी खटपट मला पटत नाही.

बरोबर वाचणारं कुणी असेल तर एकच नियम ठेवा: जो मागं आहे त्याच्या प्रकरणापलीकडचं बोलायचं नाही, हातवारे करूनही नाही. सातव्यात कोण राहतं आणि कोण जातं, हे आधी कळलं तर सगळ्या नऊ महिन्यांवर पाणी पडतं. इंटरनेटवर पात्रांची नावं शोधू नका. नाव टाइप करताच पुढं मरणाची तारीख दिसते.

सातव्याच्या अखेरीस, शेवटच्या तुकड्याच्या आधी, किंग स्वतः वाचकाला थांबवतो आणि इथंच पुस्तक मिटलंत तर बरं असं सुचवतो. बहुतेक जण हसून पान उलटतात. उलटा, पण त्याच रात्री नको. आधीचा शेवट एक दिवस मुरू द्या आणि मग तो तुकडा वाचा. त्या शेवटावरून आजही भांडणं होतात. दमलेल्या डोळ्यांनी वाचणारे बहुधा चिडलेल्या गटात जातात.

रॉबर्ट ब्राउनिंगची १८५५ मधली जी कविता या सगळ्याचं मूळ आहे, ती सातव्या पुस्तकाच्या मागं छापलेली आहे. ती आता वाचा. 'द विंड थ्रू द कीहोल'ही आताच. गोष्टीत गोष्ट आणि तिच्यात आणखी एक गोष्ट अशी त्याची रचना आहे. चौथ्याच्या लांब आठवणीनंतर लगेच ते घेतलं तर मुख्य प्रवास फारच खोळंबतो. सगळं संपल्यावर मात्र रोलंडची पुन्हा भेट म्हणून ते गोड लागतं. त्यालाही पुरून उरलात तर 'द लिटल सिस्टर्स ऑफ एलुरिया' ही रोलंडच्या तरुणपणची कथा शिल्लक आहे. ती 'एव्हरीथिंग्ज इव्हेंच्युअल' संग्रहातच आहे, तेव्हा वेगळं काही विकत घ्यावं लागणार नाही.